सुभद्राबाईंचं फुकटचं ऑफिस

केजच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत एकाच दारावर दोन पाट्या होत्या. वरची 'शहादेव टेलर्स' आणि खालची 'मराठी-इंग्रजी टायपिंग'. वरची नवऱ्याची, खालची बायकोची. पण पत्ता सांगताना गल्लीतली माणसं खालचीच पाटी सांगायची, आणि शहादेवला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी विचारलं, तर तो मान वर न करता म्हणायचा, "टायपिंगवाल्या बाईचं घर व्हय? हेच की. या, बसा. बाई हात धुऊन येतेत."

आत एकच लांबट खोली. दाराशी, उजेडाला, शहादेवची शिलाई मशीन. तिच्या पाठीला पाठ लावून लाकडी टेबल आणि टेबलावर सुभद्राबाईंचा कॉम्प्युटर. सुभद्राबाई मांजरेकाठच्या एका खेडेगावातल्या शेतकऱ्याची लेक. दहावीनंतर चुलत्याकडे अंबाजोगाईला राहिल्या आणि बद्रीनाथ सरांच्या टायपिंग क्लासमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाल्या. लग्नानंतर एका सहकारी सूत गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागल्या. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. बोटं अशी चालायची की साहेब मजकूर सांगता सांगता अडखळत, बाई अडखळत नसत. पुढे गिरणी बंद पडली. सामानाचा लिलाव झाला तेव्हा लोक मोटारी आणि पत्रे बघत होते. सुभद्राबाईंनी आपल्याच टेबलावरचा कॉम्प्युटर बोलीत धरला आणि रिक्षात घालून घरी आणला.

"आता ह्येचं काय करायचं?" शहादेवनं विचारलं होतं.

"तुमी कापड शिवता, मी कागद शिवीन," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पाटी रंगवायला टाकली.

२०१२ चा पावसाळा केजकडे फिरकलाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरी खरवडल्या गेल्या, मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळू लागली. लोकांनी लग्नं पुढे ढकलली आणि शहादेवच्या मशीनचं चाक थांबलं. पण बाईंच्या टेबलापुढे रांग लागली. टँकरचा अर्ज, विंधन विहिरीचा अर्ज, पीक नुकसानीचा अर्ज. माणसं उकिडवी बसून आपलं गाऱ्हाणं सांगत आणि बाई त्यातलं कामाचं तेवढं उचलून कागदावर उतरवत. "हे असं लिवलं तर साहेब वाचील का?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणत, "वाचील. मी चार ओळींच्या वर लिहितच न्हाई."

संक्रांत झाली आणि एका सकाळी दारात जीप थांबली. भगवानराव आले होते. तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे ते चेअरमन. पांढरे कपडे, आवाज मोठा, मन वाईट नाही पण घाई फार.

"सुभद्राताई, जनावरांची छावणी मंजूर झाली बगा आपल्या संस्थेला," बसायच्या आधीच ते म्हणाले.

"लई चांगलं झालं. दावणी रिकाम्या व्हायच्या थांबतील."

"ते हायेच. पर कागदानं आमी मरू. तहसीलला रोजचा तक्ता पायजे. लहान जनावरं किती, मोठी किती, चारा किती आला, पेंड किती गेली. अन् हातानं लिवलेलं चालत न्हाई, ईमेलनं पायजे. आमच्या सेक्रेटरीला दुधाची फॅट काढायला सांगा, काढील. ह्ये त्येला व्हणार न्हाई. तुमी करा."

सुभद्राबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "करीन. घरून करीन, माझ्या मशीनवर करीन. अन् एक आत्ताच सांगून ठिवते. दावणीला उभं हाय तेवढंच जनावर तक्त्यात येईल. शेपूट नसलेलं जनावर मी टाईप करणार न्हाई."

भगवानराव मोठ्यानं हसले. "आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"हाय. म्हणून तर तोंडावर सांगते."

काम ठरलं. छावणी पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. सुभद्राबाईंनी तक्त्याचा नमुना करायला घेतला आणि तिथेच गाडी अडली.

झालं होतं असं. दिवाळीच्या सुमारास कॉम्प्युटरची डिस्क गेली, तेव्हा गावातल्या दुकानदारानं नवी बसवून दिली. विंडोज गिरणीचंच होतं, त्याचा स्टिकर डब्याच्या अंगावर होता. पण पत्रं लिहायचं, तक्ते करायचं जे ऑफिसचं सॉफ्टवेअर असतं, ते त्यानं चाचणीपुरतं टाकून दिलं होतं आणि बाईंना ते सांगायचं राहिलं होतं. आता त्याची मुदत संपली. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. बाईंनी शब्द न् शब्द वाचला. जुन्या फाईली उघडत होत्या, वाचता येत होत्या, पण एक अक्षर नवीन लिहिता येत नव्हतं. कळ दाबावी, तर पडदा ढिम्म.

"बिघडलं का?" शहादेवनं विचारलं.

"बिघडलं न्हाई. कुलूप लागलंय. बगू देतंय, हात लावू देत न्हाई."

त्या तशाच उठून दुकानदाराकडे गेल्या. तो म्हणाला, "त्यात काय, ताई. एक सीडी हाय माझ्याकडं. टाकली की जलमभर बगायचं काम न्हाई."

"बिल देशील का तिचं?"

"तिचं बिल कसलं, ताई? सगळा केज तिच्यावर चालतो."

बाई परत फिरल्या. असली एक सीडी त्यांनी गिरणीत पाहिलेली होती. कुणीतरी हौसेनं आणली, टाकली, आणि तिच्यातून आलेल्या व्हायरसनं कामगारांच्या हजेरीच्या सगळ्या फाईली खाऊन टाकल्या. ऐन दिवाळीच्या तोंडावर. बायामाणसं पगारासाठी गेटवर बसून होती आणि ऑफिसातली सगळी माणसं जुने कागद चाळून हजेरी पुन्हा मांडत होती. छावणीच्या तक्त्याशी असला खेळ त्यांना करायचा नव्हता. दावणीला बांधलेल्या जनावराला उद्या ये म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं बीडला गेल्या. काचेचं दार असलेलं मोठं दुकान होतं. तिथला पोऱ्यागत दिसणारा मालक मात्र बोलायला गोड होता. त्यानं चकचकीत डबा काढून समोर ठेवला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि किंमत विचारली. त्यानं सांगितली. तेवढ्या पैशांत शहादेवच्या मशीनला जोडीदारीण आली असती, वर काजं करायचं यंत्रही.

"ह्याच्यात लहान काही न्हाई का? मला पत्रं अन् तक्ते, एवढंच लागतं."

"सगळं एकत्रच येतं, मॅडम."

"बरं," बाई म्हणाल्या आणि डबा त्याच्याकडे सरकवला. "आज बगायला आलते. घ्यायचं असंल तेव्हा घ्यायला येईन." आणि ताठ मानेनं बाहेर पडल्या. नसलेल्या गोष्टीची लाज त्यांना लहानपणापासूनच वाटत नसे.

घरी आल्यावर शहादेवनं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाला, "माळ्यावर जुनी मशीन पडलीये. तिला गिऱ्हाईक बगतो. तुझ्या डब्याला तेवढाच हातभार लागंल."

"काय गरज न्हाई," बाई म्हणाल्या. आवाज मात्र मऊ झाला होता. "पाऊस पडल, लग्नं निघतील, दोन मशिनी लागतील तुमाला. माझं मी बगते."

काम अडल्याचं भगवानरावांच्या कानावर गेलं असावं, संध्याकाळी त्यांच्या माणसाबरोबर कागदात गुंडाळलेली एक सीडी आली. गावातल्या त्याच दुकानातली. बाईंनी ती न उघडता परत पाठवली, तेव्हा भगवानरावांचा फोन आला.

"कावून परत केली? काम तर तिच्यानं बी व्हतंय की!"

"चेअरमन, उद्या तपासणी येईल, लेखापरीक्षक येईल. संस्थेचं काम ज्या मशीनवर चालतं, तिच्यात काय काय हाय म्हणून विचारलं, तर कोण सांगणार? तुमी?"

"आवो, कोण इचारतंय!"

"मी इचारते की."

मग भगवानराव म्हणाले, "सोमवारी छावणी सुरू हाय, ताई. मला तक्ता पायजे. कशानं बी करा."

सुभद्राबाईंना मग टाइपरायटरची आठवण झाली. निदान पहिले काही दिवस टाइप केलेला तक्ता हातोहात तहसीलला नेऊन देता येईल. आणि टाइपरायटर मागायचा तर बद्रीनाथ सरांकडे. वाटेत सर हयात असतील ना, हीच काळजी.

अंबाजोगाईच्या त्या जुन्या जिन्यावरून वर गेल्या तर सर हयात होते, आणि टाइपरायटर मात्र कापडाखाली झाकून भिंतीला लावून ठेवलेले. बाकांवर जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले. सर थकले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. आवाज तोच होता.

"सुभद्रा ना तू? मनगट वर उचलून टाइप करायचीस. किती वेळा सांगितलं होतं!"

बाई त्यांच्या पाया पडल्या आणि काम सांगितलं.

"टाइपरायटर ने हवा तर," सर म्हणाले, "पण रिबीन कुठून आणशील? मला वर्षभर मिळाली नाही. आणि तुला ऑफिसच हवं असेल तर टाइपरायटर कशाला?"

"सर, त्याची किंमत बगून आले मी बीडला."

"किंमत?" सरांनी एका कॉम्प्युटरसमोर त्यांना बसवलं. पडद्यावर कोरं पान उघडलं, वर चित्रांची पट्टी. पलीकडे तक्त्याचे चौकोन. बाईंनी माऊस फिरवून पाहिला. ठळक अक्षर, मधोमध मजकूर, बेरीज. सगळं जागच्या जागी, थोडं इकडेतिकडे.

"हे कुठलं?"

"लिब्रे ऑफिस. फुकट आहे."

बाईंनी माऊसवरचा हात काढला. "चोरीचं?"

सर हसले. सरांची चिक्कू म्हणून ख्याती गावभर होती. खडूचा तुकडा बोटात धरता येईनासा होईपर्यंत ते वापरत. "माझ्याकडे एवढ्या मशिनी. प्रत्येकीला विकतचा डबा घ्यायचा म्हटलं तर क्लास विकावा लागला असता. चोरी करायचं धाडस नाही. म्हणून शोधत बसलो. हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. लेखी परवाना आहे, छापून लावलाय बघ भिंतीला."

बाई उठल्या आणि भिंतीवरचा कागद नीट वाचून आल्या. "पर सर, त्यांना काय मिळतं ह्याच्यात?"

"जगभरची माणसं मिळून करतात. कुणी एक तुकडा करतो, कुणी दुसरा दुरुस्त करतो. आपल्या मराठी माणसांनी त्यातले शब्द मराठीत केलेत. सहकारी संस्थाच म्हण ना. फक्त हिला चेअरमन नाही."

"मग चालती कशी?"

"चेअरमन नाही म्हणूनच चालत असेल," सर म्हणाले आणि दोघंही किती तरी वेळ हसत राहिले.

सीडी मात्र सरांनी दिली नाही. "कोरी घेऊन ये खालच्या दुकानातून, मग भरून देतो," म्हणाले. शिवाय बजावलं, "नुसतं हे टाकून भागणार नाही. तू अजून त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असशील. तुझा मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर गेला की त्याचा कचरा होतो, होतो ना?"

होत होता. बाईंनी पाठवलेली पत्रं दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसत. म्हणून तर त्या छापूनच देत.

"युनिकोड शीक. त्यातलं अक्षर कुठल्याही मशीनवर तेच राहतं. कळफलक नवा आहे, बोटं नव्यानं बसवावी लागतील. डबा इकडे आण, सगळं चालू करून देतो."

दुसऱ्याच दिवशी सुभद्राबाई कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधून एसटीत बसल्या. डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्या सामानाचं तिकीट घ्यावं लागंल."

"मांडीवर लेकरू असतं त्याचं घेता का?"

"लेकरू न्हाई ह्ये."

"मला विचारा काय हाय ते," बाई म्हणाल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं आणि कंडक्टर पुढे सरकला.

सरांनी ऑफिस टाकलं, मराठी कळफलक चालू केला आणि अक्षरांचा एक नकाशा हातात दिला. पण तो नकाशा पाठ करणं आणि बोटांनी तो मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. उभा जन्म ज्या बोटांनी टाइपरायटरची रीत पाळली, ती सवयीनं जुन्याच जागी धावत. नव्या कळफलकावर डाव्या हाताला काना-मात्रा आणि स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. टाइपरायटरवर 'कि' लिहायचा तर आधी वेलांटी मारायची, मग क. इथे आधी क, मग वेलांटी, तोंडानं म्हणतो तशी. बाई 'किती' लिहायला जात आणि पडद्यावर भलतंच काही उमटे. वीज गेली की त्या थांबत नसत. बंद कळफलकावरच बोटं फिरवत आणि तोंडानं अक्षरं म्हणत.

"मंत्र म्हणतीस का काय?" शहादेव म्हणाला.

"तुमी पहिल्यांदा पायानं मशीन चालवाय शिकला, तेव्हा किती सुया मोडल्या?"

"लई मोडल्या."

"मग बसा गप."

रविवारी दुपारी त्यांनी 'छावणीतील जनावरांचा दैनिक तक्ता' ही ओळ न बघता टाइप केली आणि खुर्चीला टेकून स्वतःशीच मान हलवली. तक्त्याचे रकाने आखले, बेरजा बसवल्या. सोमवारी छावणी सुरू झाली. उजाड माळावर शेडनेटच्या सावलीत दावणी पडल्या, चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांचे ट्रॅक्टर आले, हौदात टँकरचं पाणी पडलं. सेक्रेटरीनं फोनवर आकडे सांगितले, बाईंनी ते भरले, आणि नेट कॅफेतून तक्ता तहसीलला पाठवून दिला. घरी येऊन चहा ठेवला. चहा उकळायच्या आत भगवानरावांची जीप दारात.

"ताई, तहसीलवाले म्हणतेत फाईल उघडतच न्हाई! पहिल्याच दिवशी नाचक्की! म्हणलं हुतं ना, सीडी टाका म्हणून. फुकटचं म्हणल्यावर असंच व्हणार."

सुभद्राबाईंनी शहादेवला चहाकडे बघायला सांगितलं. "माझ्याकडं उघडती," त्या म्हणाल्या. "म्हणजे फाईल जिवंत हाय. तिकडं कावून उघडत न्हाई ते तिकडं जाऊन बगते. तुमी चहा घ्या तंवर." आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून निघाल्या.

तहसीलमध्ये छावण्यांचं टेबल बघणारा कारकून फोनवर फोन घेत होता. माणूस दमलेला, पण खेकसणारा नव्हता. त्यानं बाईंसमोरच फाईल उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर इंग्रजी सूचना आली. बाईंनी तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "माझ्याकडची पोरं इथंच टाइप करतात आणि इथंच छापतात. फाईल बाहेर पाठवायची वेळच आली नाही कधी. मला माहीत नाही गं."

बाईंनी फोन ठेवला. क्षणभर त्यांना वाटलं, आता परत जाऊन हातानंच लिहायला बसावं. कारकुनानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बाई, आमच्याकडचं ऑफिस जुनं आहे," तो म्हणाला. "नवी फाईल आली की ते तोंड फिरवतं. परवा एका छावणीची आली, ती पण उघडली नव्हती. त्यांना म्हटलं जुन्या प्रकारात करून पाठवा."

"जुन्या प्रकारात म्हणजे कसं?"

"ते फाईल सेव्ह करतो तिथं खाली एक पट्टी असते. तीत प्रकार निवडायचे असतात. तुमच्याकडे आहे का बघा."

बाई जवळजवळ पळतच घरी आल्या. भगवानराव ओट्यावर बसून होते. शहादेव त्यांना छावणीतल्या चाऱ्याचं काही विचारत मन रमवत होता. वीज होती, एवढं नशीब. बाईंनी फाईल उघडली, सेव्ह करायच्या चौकटीत गेल्या, खालची पट्टी दाबली. प्रकारांची ही लांब यादी खाली उतरली. एक एक ओळ वाचत गेल्या आणि मध्येच बोट थांबलं. तहसीलात होतं त्या जुन्या ऑफिसचं नाव तिथं लिहिलेलं होतं. त्यांनी ते निवडलं, फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि पुन्हा तहसीलची वाट धरली. या वेळी भगवानरावही मागून आले.

फाईल उघडली. रकाने जागेवर, बेरजा जागेवर. कारकून पडद्याकडे वाकला. "आणि अक्षरं सगळी मराठीच दिसतायत! बाकीच्यांच्यात कचरा येतो. फॉन्ट कुठला टाकलात?"

"युनिकोड हाय. तुमच्या मशीनमध्ये आधीच असतं ते," बाई म्हणाल्या. "अन् पट्टीचं तुमी सांगितलंत म्हणून जमलं. न्हाईतर मी अजून घरीच बसले असते."

"चला, दोघांनाही एकेक गोष्ट कळली," तो हसला आणि पुढचा फोन घेतला.

बाहेर आल्यावर भगवानराव बाईंच्या बरोबरीनं चालू लागले. मग म्हणाले, "ह्येला खरंच काही पैसे पडले न्हाईत?"

"कोऱ्या सीडीचे पडले की."

"अन् पुढं मागतील का?"

"मागणार न्हाईत. सरांच्या भिंतीला कागद लावलाय, वाचून आले मी."

उन्हाळाभर तक्ता रोज गेला. माळावर जनावरं वाढत गेली. भर मे महिन्यात तपासणीचं पथक आलं. त्यांनी तक्त्याची छापील प्रत हातात धरून दावण न् दावण फिरून मोजली. त्या दिवशी भगवानराव स्वतः पुढे चालत होते. मोजणी तंतोतंत जुळली तेव्हा ते मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "आमच्या बाई शेपूट बगून टाइप करतेत!" पथकातल्या साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, पण सेक्रेटरी हसून हसून खाली बसला.

तहसीलच्या कारकुनानं बाकीच्या छावणीवाल्यांना सांगितलं असावं, कारण जूनच्या सुरुवातीला सुभद्राबाईंकडे माणसं यायला लागली. अर्ज लिहून घ्यायला नव्हे, सीडी मागायला. कुणी दूध संस्थेचा, कुणी पतसंस्थेचा. एकदा दिंद्रुडहून रुक्मिणीबाई आल्या. त्यांनी गावात बायकांची बचत संस्था काढली होती, संस्थेला एक जुना कॉम्प्युटर मिळाला होता आणि तो अजून कपड्यात बांधून ठेवलेला होता.

"त्यात काय टाकायचं अन् कसं लिवायचं, कुणी सांगत न्हाई. गावातला माणूस म्हणतो, आधी डबा घ्या बीडहून," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सुभद्राबाईंनी सीडी भरून त्यांच्या हातात ठेवली. "ही घ्या. आणखी कुणाला लागली तर त्यांनाही द्या, चोरी होत न्हाई. लिहायचं कसं ते मात्र इथं येऊन शिका. त्याची फी हाय."

त्या गेल्यावर शहादेव म्हणाला, "फुकट वाटतीस अन् फी बी घेतीस, ह्ये कसं काय?"

"सीडी माझी न्हाई, ती वाटायचीच. बोटं बसवायला मला किती तरास झाला, तो माझा हाय. त्याची फी."

पाऊस आला, छावणी उठली. जनावरं घरोघरी गेली. सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा भरली, तेव्हा अहवालाचं पुस्तक सुभद्राबाईंनी अथपासून इतिपर्यंत घरी बसून केलं, मुखपृष्ठाची चौकटसुद्धा. सभेत एका सभासदानं उठून विचारलं, की संस्थेनं स्वतःचा कॉम्प्युटर का घेऊ नये. भगवानरावांनी बीडच्या दुकानातून मागवलेलं दरपत्रक काढलं आणि व्यासपीठावरून सरळ सुभद्राबाईंकडे पाठवून दिलं. बाईंनी तिसऱ्या रांगेत बसूनच ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि त्यातली ऑफिसच्या डब्याची ओळ खोडली.

"एवढं कमी करा," त्या उभं राहून म्हणाल्या. "अन् वाचतील त्यातून चांगला प्रिंटर घ्या. सॉफ्टवेअर मी टाकून देते. शिकवायला मात्र दोन बायका द्या मला. दूध घालायला येणाऱ्यांपैकी. सेक्रेटरीला त्याचं फॅटचं काम हाय."

सभा हसली. सेक्रेटरीनं सगळ्यात आधी हात वर केला. छबुबाई आणि विमलबाई अशा दोघींची नावं निघाली. छबुबाई दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. त्या वर्षी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की यंदा तुमी जा, मी इथं शिकते.

त्या हिवाळ्यात लग्नं निघाली आणि शहादेवनं माळ्यावरची मशीन खाली काढली. खोलीत जागा पुरेना म्हणून दोन्ही शिलाई मशिनी ओट्यावर गेल्या आणि आत दुसरं टेबल आलं. सकाळी छबुबाई आणि विमलबाई शिकत, दुपारी दिंद्रुडच्या बायका जीपनं येत. सुभद्राबाई त्यांच्या मागे उभ्या राहून बघत. छबुबाईंची बोटं कोयत्यानं घट्टे पडलेली, जाड. एकाच वेळी दोन कळा दाबल्या जात. त्या वैतागून हात मागे घेत.

"मला न्हाई व्हायचं, ताई."

"हळू घ्या. आधी क, मग वेलांटी. तोंडानं म्हणा अन् मग दाबा."

छबुबाईंनी तोंडानं म्हटलं आणि दाबलं. पडद्यावर 'कि' उमटला. मग त्यांनी न विचारता त्यापुढे 'ती' टाइप केला, वाचून पाहिला, आणि पुढच्या रकान्यात बोट नेऊन म्हणाल्या, "आता इथं आकडे टाकू का?"

"टाका की," सुभद्राबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या.